संस्थेची मागणी सरकारदरबारी नेताना: कायद्याची हद्द आणि पाठपुराव्याची वाट

दसरा उलटला की आमच्या भागातून गाड्या भरायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयते, पातेली, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली मुलं. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलाने आजीजवळ गावातच राहून शिकावं, म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण आमच्या गावांत ते वसतिगृह सुरू व्हायचं दिवाळीनंतर. तोवर मूल कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, पोचलेलं असायचं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी म्हटलं, याबद्दल वर लिहू या, आमदारांना भेटू या. खजिनदार काळजीने म्हणाले, "आपण ट्रस्ट आहोत. धोरणाच्या भानगडीत पडलो तर ८०जी जाईल." ८०जी म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकर सवलत. सगळ्यांनी माना हलवल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या वर्षीचा हंगामही गेला.

ही भीती नंतर कितीतरी संस्थांत दिसली. माणसं घाबरट असतात म्हणून नव्हे. कायदा नेमका कुठे अडवतो हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून. हा लेख अशा संस्थांसाठी आहे: पाच-पंचवीस कार्यकर्ते, एक हिशेबनीस, तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं कार्यालय, आणि रोज डोळ्यांसमोर दिसणारा एखादा प्रश्न.

कायदा कुठे अडवतो

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि दुसरी धर्मादाय आयुक्तांकडे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. काही संस्था कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालच्या असतात. सरकारकडे मागणी करू नये, कायद्यात बदल सुचवू नये, असं कलम यांपैकी कुठल्याही कायद्यात नाही. अ‍ॅडव्होकसीवर, म्हणजे धोरणविषयक पाठपुराव्यावर, एकूण खर्चाच्या अमुक टक्केच रक्कम खर्च करता येते, असं काही प्रशिक्षणांत सांगितलं जातं. तसल्या मर्यादा अमेरिकेच्या करकायद्यात आहेत. आपल्याकडे तशी टक्केवारी नाही.

आपल्याकडे पाहिला जातो तो हेतू. आयकर कायद्याच्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचं जतन आणि सार्वजनिक हिताचं अन्य कार्य हे धर्मादाय हेतू आहेत. राजकीय हेतू त्यात बसत नाही. मग 'हा नियम बदला' म्हणणं यात बसतं की नाही? आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मुख्य हेतू सार्वजनिक हिताचा असेल, तर तो साधण्यासाठी एखाद्या कायद्याला पाठिंबा किंवा विरोध करताना राजकीय क्षेत्रात आनुषंगिक प्रवेश झाला, तरी संस्था धर्मादायच राहते. यातला 'आनुषंगिक' हा शब्द महत्त्वाचा. मुलांचं शिक्षण हे तुमचं काम आणि वसतिगृहाचा नियम बदलून घेणं हा त्या कामाचाच भाग, हे तुमच्या कागदांवरून दिसलं पाहिजे.

हद्द खरी आहे ती पक्षाची आणि उमेदवाराची. संस्थेच्या पैशातून पक्षाला देणगी नाही, उमेदवाराच्या प्रचाराला गाडी नाही, सभेला मंडप नाही, संस्थेच्या लेटरहेडवर 'यांना मत द्या' नाही. यात पळवाट शोधू नका. एखादा विश्वस्त पक्षाचा पदाधिकारी असेल तर त्याने ते काम स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेळात करावं. संस्थेचं नाव, शिक्का आणि फेसबुक पान त्यापासून लांब ठेवायचं, असा ठरावच करून घ्या.

आधी आपलं दप्तर आवरा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तुमच्या मागणीला विरोध असणारा माणूस सगळ्यात आधी तुमच्या नोंदणीकडेच बोट दाखवतो.

आमचा अनुभव सांगते. एका कार्यालयात आम्ही निवेदन घेऊन गेलो. पत्रावर अध्यक्षांची सही, खाली नोंदणी क्रमांक, सगळं व्यवस्थित. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे अध्यक्ष शेड्यूल एकवर आहेत का?" (शेड्यूल एक, म्हणजेच परिशिष्ट एक, ही धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद.) नव्हते. अध्यक्ष बदलून दीड वर्ष झालं होतं आणि बदल अर्ज दाखल करायचा राहिला होता. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. आम्ही मान खाली घालून परत आलो आणि विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज दाखल केला. त्यात तीन महिने गेले. चूक पूर्णपणे आमची होती.

म्हणून पहिलं निवेदन लिहिण्याआधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा. त्यावरची नावं आणि आजचे पदाधिकारी जुळतात का ते पाहा. लेखापरीक्षण अहवाल दर वर्षीचा दाखल आहे का, आयकराची नोंदणी कधीपर्यंत चालू आहे, हेही एका कागदावर लिहून भिंतीला लावा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे १२एबी (संस्थेची आयकर नोंदणी), ८०जी ही तोंडात बसलेली कलमं आता नव्या क्रमांकांनी ओळखायची आहेत. तुमच्या सीएकडून नवे क्रमांक लिहून घ्या आणि पावतीपुस्तक, पत्रं, संकेतस्थळ सगळीकडे बदला.

मग घटना आणि नियमावली काढा, उद्देशांचं पान उघडा. जुन्या संस्थांच्या उद्देशांत 'जनजागृती करणे, शिबिरे घेणे' इतकंच असतं. त्यात 'या उद्देशांसाठी अभ्यास करणे, शासनाकडे पाठपुरावा करणे व धोरणविषयक सूचना करणे' अशी ओळ असेल तर पुढचं सगळं सोपं होतं. नसेल तर तेवढ्याने काम अडत नाही, कारण मूळ उद्देशासाठीच तुम्ही बोलत आहात. तरी ओळ घालायची ठरवलीत तर रीत नीट पाळा. १८६० च्या कायद्याप्रमाणे सभासदांना दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि एक महिन्याने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन-पंचमांश मतांनी कायम. त्यानंतर धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद, आणि आयकर खात्याकडे ३० दिवसांत अर्ज. ही शेवटची मुदत पुष्कळ संस्था चुकवतात, आणि ती चुकली तर करसवलत खरोखर धोक्यात येते. खजिनदारांची भीती अनाठायी नव्हती, फक्त तिची जागा चुकली होती.

शेवटी एक ठराव. विषय कोणता, तो संस्थेच्या कोणत्या उद्देशात बसतो, बोलायचा अधिकार कुणाला, सही कुणाची, खर्च किती आणि कुठल्या निधीतून. हा अर्ध्या पानाचा ठराव पुढे चौकशी झाली तर ढालीसारखा उपयोगी पडतो.

पैसा कुठला वापरायचा

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी हा भाग दोनदा वाचावा. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० प्रमाणे राजकीय पक्षांना आणि 'राजकीय स्वरूपाच्या संघटनां'ना परदेशी पैसा घेता येत नाही. २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो असे मार्ग नेहमी वापरणाऱ्या संघटनाही यात धरल्या होत्या. इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरमने याला आव्हान दिलं आणि ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाचा अर्थ मर्यादित केला. राजकीय उद्दिष्ट नसताना एखाद्या सार्वजनिक प्रश्नाला पाठिंबा देणाऱ्या संस्थेला राजकीय ठरवून तिचा परदेशी निधी रोखता येणार नाही, सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध असलेल्या संघटनांनाच ही बंदी लागू, असं न्यायालयाने सांगितलं. तुमच्या विश्वस्तांना हा निकाल जरूर वाचून दाखवा.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन दुसऱ्या बाजूने दोर आवळला गेला. परदेशी निधी आता दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसा येतो तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. यातली पहिली अट आघाडी करून काम करणाऱ्यांना फार जाचते. पूर्वी एक मोठी संस्था पाच छोट्यांना अभ्यासासाठी पैसे द्यायची. आता तसं केलं तर सरळ कायदाभंग होतो. सात संस्थांनी मिळून परिषद घ्यायची असेल तर हॉलचं बिल एकीच्या नावे, जेवणाचं दुसरीच्या नावे, छपाईचं तिसरीच्या नावे, असं आधीच वाटून घ्या. 'नंतर हिशेब करू' हे वाक्य आघाडीच्या बैठकीत कुणालाही उच्चारू देऊ नका.

माझं स्वतःचं मत असं, की पाठपुराव्याचा खर्च शक्यतो गावातल्या लोकांच्या वर्गणीतून करावा. परदेशी पैसा वापरणं बेकायदा आहे म्हणून हे म्हणत नाही. मंत्रालयापर्यंतचं एसटीचं तिकीट ऊसतोड करणाऱ्या बाईच्या दहा रुपयांतून निघालं असेल, तर तुमच्या मागे कोण उभं आहे हे निराळं सांगावं लागत नाही. शंभर बायांनी दिलेले दहा-दहा रुपये आमच्या वहीत आहेत, पावतीसकट.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीबाबत करारनामा नीट वाचा. पक्षाला दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरली जात नाही, हे नियमांतच आहे. पण धोरणविषयक कामाबद्दल प्रत्येक कंपनी आपल्या करारात वेगळी अट घालते. ती सही करण्याआधी पाहायची.

निर्णय कुणाच्या टेबलावर होतो

पाठपुराव्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात. तहसीलदारांना निवेदन, पेपरात फोटो, आणि काम शून्य, कारण तो विषय तहसीलदारांच्या अधिकारातच नसतो.

दार शोधायचं साधन घरबसल्या मिळतं: शासन निर्णय, म्हणजे जीआर. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार जीआर असतात, शोधायला संकेतांक असतो. पण तो वाचायचा कसा हे कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

सगळ्यात वर विभागाचं नाव, क्रमांक आणि शेवटी कार्यासनाचं संक्षिप्त नाव असतं. ते कार्यासन म्हणजे तुमची फाईल जिथून सुरू होणार ती खुर्ची. त्याखाली 'वाचा' म्हणून जुन्या जीआरची आणि पत्रांची यादी असते. बहुतेकजण ती वगळून पुढे जातात. मी तिथून सुरुवात करते. त्या यादीतला एकेक कागद मागे मागे काढत गेलं की योजना कधी, कशासाठी सुरू झाली, कुठली अट कधी घुसली, सगळा वंशवृक्ष हाती येतो. मग 'प्रस्तावना', त्यात शासनाने स्वतः मान्य केलेलं कारण लिहिलेलं असतं. तुमच्या निवेदनात ते वाक्य जसंच्या तसं वापरा. शासनाचंच वाक्य शासनाला नाकारता येत नाही. शेवटाकडे वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आहे का पाहा. असेल तर या निर्णयाला पैशाची मान्यता लागली होती, आणि तुमच्या बदलालाही बहुधा लागेल. सगळ्यात खाली 'प्रत' म्हणून कुणाकुणाला पाठवलं त्यांची यादी. ती यादी म्हणजे अंमलबजावणीची साखळी. तिच्या टोकाला 'निवड नस्ती' लिहिलेलं असतं, ती कार्यालयाची जपून ठेवायची प्रत.

एवढं वाचलं की एका कागदावर तीन रकाने पाडा. जीआर बदलूनच होईल असं काय, जिल्हा पातळीवर आहे त्या जीआरमध्येच करता येईल असं काय, आणि ज्याला कायद्यातच दुरुस्ती लागेल असं काय. तिसऱ्या रकान्यात शक्य तितकं कमी ठेवा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला जवळजवळ १८ वर्षं झुंजावं लागलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. कायद्याची लढाई लढावीच लागते अशा वेळा येतात. पण जे काम एका परिपत्रकाने होतं, त्यासाठी कायदा मागत बसू नका.

पुरावा जमवताना मागणीच बदलू शकते

आमची मूळ मागणी होती, 'वसतिगृहाचा निधी लवकर द्या.' ती करण्याआधी आम्ही माहितीचा अधिकार वापरला. एका तालुक्यातल्या गेल्या तीन वर्षांच्या प्रस्तावांच्या तारखा मागवल्या: शाळेकडून प्रस्ताव कधी निघाला, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कधी आला, पुढे कधी गेला, मंजुरी कधी.

उत्तर आलं आणि आम्ही गप्प झालो. बहुतेक प्रस्ताव गावातूनच नोव्हेंबरात निघाले होते. शाळेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करायला घेतली ती गाड्या निघायला लागल्यावर. वरच्या टेबलावरचा वेळ त्यामानाने कमी होता. मग मागणी बदलली: 'संभाव्य स्थलांतराचं सर्वेक्षण ऑगस्टमध्ये करावं, मुकादमाकडून उचल घेतलेल्या कुटुंबांची यादी शाळा व्यवस्थापन समितीने तेव्हाच करावी.' उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते, त्यामुळे कोण जाणार हे गावाला ऑगस्टमध्ये ठाऊक असतंच. या मागणीला नवा पैसा लागत नव्हता. चुकीची मागणी घेऊन गेलो असतो तर पहिल्याच बैठकीत तोंडावर पडलो असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज संस्थेच्या नावाने करू नका. २००५ च्या कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे, म्हणून कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. प्रश्न 'का केलं नाही' असा विचारू नका. 'अमुक नोंदवहीची अमुक काळाची प्रत द्यावी' असं मागा. 'का'ला उत्तर मिळत नाही, प्रत मिळते.

पुरावा किती जड असू शकतो याचं महाराष्ट्रातलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे २०११ मध्ये आशा आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हे देशाचं धोरण झालं. तुमची-माझी संस्था एवढं करू शकणार नाही, पण तुलना करायची शिस्त घेऊ शकते: वसतिगृह ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली दोन गावं आणि डिसेंबरमध्ये सुरू झालेली दोन गावं, दोन्हीकडे किती मुलं थांबली. चार गावांचा तो तक्ता शंभर सह्यांपेक्षा जड पडतो.

मुलांची, बायांची नावं, फोटो, आजार तक्त्यात लिहू नका. 'इयत्ता चौथीतली मुलगी' एवढं पुरतं. ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांच्या आयुष्याची पानं सरकारी फाईलमध्ये उघडी पडता कामा नयेत.

निवेदन एका पानाचं

विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, मागणी, संपर्क. संदर्भात जीआरचा क्रमांक आणि दिनांक. वस्तुस्थिती पाच-सहा ओळी. मागणी एक, फार तर दोन. दहा मागण्या असल्या की अधिकारी त्यातली सगळ्यात सोपी उचलतात आणि 'कार्यवाही केली' म्हणून कळवतात.

मागणीचं वाक्य असं लिहा की ते उचलून थेट टिपणीत घालता यावं. आमचं होतं: 'संदर्भीय शासन निर्णयातील तरतुदीस अनुसरून, संभाव्य स्थलांतरित कुटुंबांचे सर्वेक्षण दरवर्षी ३१ ऑगस्टपूर्वी पूर्ण करण्याबाबत सर्व शाळा व्यवस्थापन समित्यांना सूचना देण्यात याव्यात.' भाषा शुष्क वाटेल. पण कार्यासनातल्या माणसाला हेच वाक्य पुढे पाठवायचं असतं. तुम्ही त्याचं अर्धं काम करून ठेवता. सोबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ चा दाखला जोडा, कारण स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणं त्यात स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे.

निवेदन दिलं की पोच घ्या. पोच म्हणजे तारीख आणि आवक क्रमांक असलेला शिक्का, नुसती सही नव्हे. साहेबांच्या हातात दिलेलं निवेदन फोटोत छान दिसतं, पण आवक टेबलावर न गेलेला कागद अस्तित्वातच नसतो. साहेबांना भेटा, शेरा घ्या, आणि तोच कागद घेऊन खाली आवक-जावकला जा. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावरून विचारा, फाईल कुठल्या टेबलावर आहे. चिडू नका, आवाज चढवू नका, दर वेळी कुणाला भेटलात, काय बोलणं झालं ते वहीत तारखेनिशी लिहा. आमची ती वही आता तिसरी आहे.

धोरणाची मागणी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात नेऊ नका. तो वैयक्तिक तक्रारींसाठी आहे आणि तुमचा अर्ज परत येईल. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव करा. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची सभा असते. बारा गावांचे बारा ठराव निवेदनाला जोडले की ती एका संस्थेची मागणी राहत नाही.

वेळ साधणं

विधिमंडळाची तीन अधिवेशनं असतात: मार्चच्या सुमाराला अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी, ही मुंबईत, आणि डिसेंबरात हिवाळी, नागपूरला. आमचा प्रश्न ऑक्टोबरचा. नागपूर अधिवेशनात तो उठला असता तर हंगाम अर्धा सरलेला असता. म्हणून आम्ही पावसाळी अधिवेशन धरलं. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, तेव्हा आमदारांकडे मे महिन्यातच जायला हवं.

आमदारांना भेटताना भाषण नको, तयार मजकूर हवा. तारांकित प्रश्नाचा मसुदा, लक्षवेधी सूचनेचा मसुदा, आणि एक पान पार्श्वभूमी. त्यांच्या स्वीय सहायकांशी नीट ओळख ठेवा. कागद पुढे सरकतो तो त्यांच्याच हातून. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांना तोच कागद द्या, आणि कुणाकुणाला दिला हे दोघांनाही मोकळेपणाने सांगा. पक्षनिरपेक्ष राहण्याची ही सगळ्यात सोपी रीत. सभागृहात मंत्र्यांनी 'करू' म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कामकाजाची ती नोंद जपून ठेवा.

मागणीला पैसा लागणार असेल तर मार्चची वाट पाहू नका. विभागांचे खर्चाचे अंदाज आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतच तयार होतात. जिल्हा वार्षिक योजनेतून काही होणार असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना आणि पालकमंत्र्यांना त्याच सुमाराला गाठा.

मसुदा निघाला की

कधी कधी सरकार स्वतःच दार उघडतं. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर हरकतींना एक महिना मिळतो. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते.

अशा वेळी 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहून पाठवू नका. कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, आम्ही सुचवलेले शब्द, कारण, असा चार रकान्यांचा तक्ता करा. आपल्यासारख्या संस्थांशी थेट संबंध असलेलं अलीकडचं उदाहरण म्हणजे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. संघटनेला बेकायदेशीर घोषित करण्याचे अधिकार शासनाला देणारं हे विधेयक २०२४ च्या जुलैत मांडलं गेलं, डिसेंबरात संयुक्त समितीकडे गेलं, समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं तेव्हा त्याच्या प्रयोजनाचे शब्द मूळ मसुद्यापेक्षा बदललेले होते. तो बदल पुरेसा होता का याबद्दल तीव्र मतभेद आहेत, आणि माझ्या मते अशा कायद्याबद्दल प्रत्येक संस्थेने स्वतः मूळ मजकूर वाचून मत बनवायला हवं. पण अशा वेळी लेखी सूचना न पाठवणं ही चूक आपण पुन्हा करता कामा नये.

रस्त्यावर उतरायचं झालं तर

धरणं, मोर्चा हे हक्काचे मार्ग आहेत. पण परवानगीचा अर्ज वेळेत द्या आणि त्याचीही पोच घ्या. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश, मुख्यतः महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली, लागू आहे का हे आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात विचारा. मुंबईत जागा म्हणजे आझाद मैदानातला ठरलेला भाग. लहान मुलांना पुढे बसवू नका, कॅमेऱ्यासाठी तर मुळीच नको.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकार नवे निर्णय जाहीर करू शकत नाही, तेव्हा त्या काळात निर्णयाची मागणी करून हाती काही लागत नाही. माहिती अधिकाराचे अर्ज, सर्वेक्षण, तक्ते ही कामं तेव्हा उरका. उमेदवारांपुढे मागणीपत्र ठेवायचं असेल तर सगळ्यांपुढे एकच मजकूर, एकाच दिवशी, आणि कुणी काय उत्तर दिलं ते आपल्या शेऱ्याशिवाय जसंच्या तसं छापायचं. छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. 'यांनी सही केली, यांना निवडा' असं एक वाक्य घुसलं की तुम्ही हद्द ओलांडली.

पत्र निघाल्यावर

सर्वेक्षणाची सूचना देणारं पत्र दुसऱ्या वर्षी जुलैत निघालं. पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं, कारण पत्र निघालं म्हणजे शाळेत पोचलं असं नाही. 'प्रत' मधली यादी हातात घेऊन आम्ही एकेक टप्पा तपासला. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आलंय का, केंद्रप्रमुखांकडे गेलंय का, मुख्याध्यापकांना मिळालंय का. जिथे अडलं होतं तिथे झेरॉक्स नेऊन दिली, आवक क्रमांक घेतला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते पत्र मोठ्याने वाचून दाखवायला सहा गावांतल्या बाया उभ्या राहिल्या, त्यातल्या दोघींना वाचता येत नव्हतं म्हणून शेजारच्या मुलीने वाचलं. सर्वेक्षणाचे तक्ते शाळेच्या फळ्याशेजारी लागले.

आता दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमचे कार्यकर्ते दोन कागद घेऊन शाळाशाळांत जातात: त्या पत्राची प्रत आणि कोरा तक्ता. मुख्याध्यापक बदललेले असतात, त्यामुळे पत्र दर वर्षी नव्याने दाखवावं लागतं. ज्या गावात तक्ता ३१ तारखेपर्यंत भरत नाही, त्या गावाचं नाव वहीत लाल शाईने लिहितो आणि १ सप्टेंबरला पुन्हा तिथे जातो.